घरचा माणूस

"घरचा मानूस कुटी हाय तुहा?" मान वर न करताच हेडक्लार्क अमृतरावांनी विचारलं.

विधवा पेन्शनची दरखास्त घेऊन बयनाबाई मंडल कार्यालयात तिसऱ्यांदा आली होती. ती दारातच थबकली. "दीर येत नाई, सायेब. आदी वावर सोडल्याचा अंगठा दे, मंग जबानी देतो म्हन्ते."

"मंग आमी काय करू? घरच्या मानसाच्या जबानीबिगर दरखास्त घेत नाई."

असा नियम कुठेच नव्हता, नुसता रिवाज होता. उलट, बाईची स्वतःची जबानी पुरेशी आहे असा वरून आलेला कागद तीन महिने फाइलीत पडून होता. समोरच्याचं मन ओळखायचं प्रशिक्षणही साऱ्या कार्यालयाने गेल्याच महिन्यात घेतलं होतं. प्रमाणपत्रं भिंतीवर झळकत होती.

पलीकडच्या टेबलावर रंजीताचं पेन थांबलं. दोन वर्षांपूर्वी ती नवऱ्याच्या जागी नोकरीला लागली. त्या वेळी वारसाच्या कागदांसाठी तीही ह्याच दारात उभी होती. तिचा दीर आला होता. कसा आला, हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. आता बोललं तर ही माणसंही तुटणार, आणि डबा खायला सोबत असं तिला दुसरं होतं तरी कोण?

तरी ती उठली.

"काका, माह्या कागदावर दिराची जबानी तुमीच लिवली. त्याच्या आदी त्यानं माहं वावर लिवून घेतलं."

अमृतरावांचा चेहरा उतरला. "तवा काऊन नाई बोलली, पोरी?"

"तुमी मले काई इचारलंच नाई. सारं त्यालेच इचारलं."

रंजीताने बयनाबाईला खुर्ची दिली, तिच्याच तोंडून जबानी लिहून घेतली आणि दरखास्तीवर शिक्का मारला.

दुपारी डबे उघडले तेव्हा तिला बस म्हणायला कोणी सरकलं नाही. रिवाज मोडणारीला शिक्षाही रिवाजाप्रमाणेच मिळाली. आपल्या टेबलावर बसून तिने भाकर कशीबशी गिळली. फार एकटं वाटलं तिला.

पुढच्या सोमवारीही ती एकटीच जेवत होती. दारात एक बाई येऊन उभी राहिली. सोबत कोणी नव्हतं. अमृतरावांनी सवयीने तोंड उघडलं, मग रंजीताकडे पाहिलं आणि डबा बाजूला सारून स्वतः खुर्ची ओढली.

"बसा, बाई," ते म्हणाले. "तुमचं म्हननं काय हाय?"

रंजीताचा घास हातातच राहिला. हाच प्रश्न दोन वर्षांपूर्वी कोणी तिला विचारला असता तर.