दोन जावांचं येसर

भागूच्या येसराच्या पाकिटावर तिचा फोटो आहे, आणि त्या फोटोत तिने माझी मोरपंखी साडी नेसली आहे. साडी मागायला आली तेव्हा म्हणाली होती, "जाऊबाई, एका कार्यक्रमाला नेसायचीय." कार्यक्रम म्हणजे हा!

भागू माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन फुलंब्रीला आली तेव्हा तिची भाकरी तव्यावर पोचेपर्यंत फाटायची. येसर तर मीच शिकवलं. धान्यं, डाळी आणि मसाला भाजून दळायचं, आणि त्या पिठाची झणझणीत आमटी करायची. आमच्या भागात त्या आमटीशिवाय लग्नाची पंगत उठत नाही. लग्न ठरलं की येसर भाजायला आवडाबाईला, म्हणजे मला, बोलावणं येतं. मी ज्वारी वेगळी भाजते, हरभऱ्याची डाळ वेगळी, धने वेगळे. भागू सगळं एका कढईत ओतते आणि मोबाइलवर माहेरी बोलत बोलत उलथणं फिरवते. तरी आज स्टॉल तिचा आहे, आणि मी तिच्यामागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सुट्टे पैसे देते आहे.

शहरात टीव्ही सेंटरजवळ बायकांसाठी उद्योजकतेचा वर्ग निघाला, तेव्हा जायचं माझ्याच मनात आलं. दुसऱ्याच्या मांडवात मान मिळवून मला कंटाळा आला होता. ओटी भरून घ्यायची, चार कौतुकाचे शब्द ऐकायचे आणि घरी येऊन चपलेसाठीसुद्धा नवऱ्यापुढे हात पसरायचा. माझ्या हाताला चव आहे तर त्यावर माझं काहीतरी उभं राहावं, एवढंच मला हवं होतं. एकटीला पाठवणार नाहीत म्हणून भागूला सोबत घेतलं. ते मीच केलं, तेव्हा दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नाही.

पहिल्याच दिवशी मॅडमनी सांगितलं की वर्ग संपल्यावर शहरात मोठं प्रदर्शन भरणार, आणि प्रत्येक गावातून एकीलाच स्टॉल मिळणार. मी मनात तेव्हाच स्टॉलवर माझ्या बरण्या मांडल्या होत्या. भागूची मला काळजी नव्हती.

मग एक दिवस मॅडम गिऱ्हाईक झाल्या. एकेकीने पुढे यायचं आणि आपला माल विकून दाखवायचा. मी माझं येसर पुढे ठेवलं. मॅडमनी वास घेतला, डोळे मिटले, म्हणाल्या, "अहाहा! कितीला?"

किंमत मला पाठ होती. कच्चा माल, गिरणी, गॅस, मजुरी, सगळं धरून काढलेली. पण समोरच्या बाईला माझा पदार्थ आवडलाय आणि मी तिच्याकडे पैसे मागायचे? आमच्यात खाण्याच्या जिनसेचे कुणी पैसे मागत नाही. पानावर बसवून बिल हातात दिल्यासारखं वाटतं. मी म्हणाले, "न्या हो मॅडम, घरचंच आहे."

सगळा वर्ग हसला. भागू तर पदर तोंडाशी धरून हसली. मग ती उठली, मॅडमच्या डोळ्यात डोळे घालून म्हणाली, "साठ रुपये पाव किलो. कमी व्हायचं नाय." मॅडमनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढे मॅडमनी सांगितलं, आता खरोखर विका. मी मन लावून येसर केलं. नुसतं पाकीट फोडलं तरी ओसरीवरून गल्लीत वास जाईल असं. आणि मी ते सगळ्या नात्यागोत्यात पोचवलं. हर्सूलला धाकट्या भावाकडे, वैजापूरला मावशीकडे, नणंदांकडे, व्याह्यांकडे. मनात हिशोब असा, की एकदा चव लागली की पुढच्या वेळी पैसे घ्यायचे. पुढच्या वेळी भावजय मनकर्णा पैसे काढायला लागली तर माझ्याच तोंडून निघालं, "ठेव गं, आपल्यात कसले पैसे!"

भागू तोवर सिडकोत जिने चढत होती. अनोळखी दारांच्या बेल दाबत होती. कुणी दार लावून घेतलं तरी हिचं तोंड वाकडं होत नव्हतं. संध्याकाळी बसमध्ये मला सांगायची, "जाऊबाई, एक बाई तर कुत्र्यासारखी अंगावर आली. म्या म्हणलं, वास तर घ्या. घेतलं की तिनं!" मी खिडकीबाहेर बघायचे. ती सांगत होती तशी मला एकही बेल दाबता आली नसती, आणि त्याचाच मला राग येत होता.

स्टॉल द्यायची वेळ आली तेव्हा मॅडमनी एकच प्रश्न विचारला. "तुमचा माल दुसऱ्यांदा कुणी मागितला?" भागू भडाभडा नावं सांगायला लागली. मी माझी माणसं आठवली. सगळ्यांनी बोटं चाटली होती, पण आपणहून दुसऱ्यांदा मागायला एकही आलं नव्हतं. नात्यातली माणसं अशी कृतघ्न असतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांच्यावर मी मनातल्या मनात बरंच तोंड टाकलं.

आज सकाळी निघताना भागू म्हणाली, "तुमची बी पाकिटं घ्या की. ठेवू टेबलावर एका कडंला."

"कडंला?" मी म्हणाले. "मला नाय कुणाच्या कडंला बसायचं."

तरी चार पाकिटं पिशवीत टाकलीच होती. ती खुर्चीखाली पायाशी ठेवून मी भागूचं येसर खपताना बघत बसले. दळण जाडसर, धने करपलेले, वरून भडक तिखट. आणि बायका घेत होत्या! कुणी फोटोकडे बघून "ह्या तुम्हीच का?" असं विचारलं की ती लाजायची. माझ्या साडीत.

दुपारी गर्दीतून मनकर्णा आली. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तिने भागूसमोरचं पाकीट उचललं आणि पर्स उघडली.

"मनकर्णे!" मी खुर्चीतून उठलेच. "माझ्या हातचं सोडून हे नेतीस व्हय?"

ती दचकली. आधी भागूकडे, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "वन्सं, तुमच्या येसराची सर कशाला नाय. तुमचे भाऊ रोज विचारत्यात, आक्काचं येसर संपलं का म्हणून."

"मग मागायचं की!"

"कितींदा मागायचं?" तिचे डोळे भरल्यासारखे झाले. "तुम्ही पैशाला हात लावत नाय. दोनदा फुकट खाल्लं. आता तिसऱ्यांदा कोणत्या तोंडानं मागू? माझी आई म्हणली, नणंदंला लुटाया लागली व्हय? म्हणून मग इकडं आले. इथं पैसे टाकले की कुणाचं मिंधं नाय."

म्हणजे वैजापूरची मावशीही अशीच गप्प बसली असणार. नणंदा, व्याही, सगळेच. मी एकेक दार बंद करत गेले होते आणि पलीकडच्या माणसांना शिव्या घालत होते. शेजारी भागू मनकर्णाचं पाकीट पिशवीत घालत होती, आणि ते बघून मला राहवलं नाही.

मी वाकून माझं पाकीट काढलं आणि मनकर्णाच्या पुढ्यात ठेवलं.

तिचा चेहरा उजळला. मग भीतभीत तिने विचारलं, "कितीला, वन्सं?"

माझ्या सख्ख्या भावाची बायको. तिच्या लेकीच्या लग्नात मी माझ्या हाताने येसर भाजलंय. भागू माझ्याकडे टक लावून बघत होती, आता ही काय बोलणार ते तिला ठाऊकच होतं.

"सत्तर," मी म्हणाले. "कमी व्हायचं नाय."

मनकर्णाने सुटकेचा श्वास टाकला. भागूचं पाकीट तिने परत टेबलावर ठेवलं, माझी दोन मागून घेतली आणि मोजून पैसे माझ्या हातावर ठेवले. "आता बरं झालं," ती म्हणाली. "पुढल्या आठवड्यात आणखी लागंल." आणि ताठ मानेने गेली.

भागूने परत आलेलं पाकीट रांगेत लावलं. मग पुटपुटली, "माझ्या टेबलावरनं माझंच गिऱ्हाईक तोडलं, जाऊबाई. आन् वर दहा रुपये जास्त."

तिचा आवाज मी लगेच ओळखला. इतके दिवस तो माझ्याच पोटात होता. मला तिची दया यायला हवी होती. मी उरलेली दोन पाकिटं काढली, तिची जरा बाजूला सारून मधोमध मांडली, आणि समोरून येणाऱ्या बाईला तिने विचारायच्या आत भाव सांगितला.