धडधाकटांच्या खुर्च्या

टॅक्सीत बसल्याबसल्याच मला मळमळायला लागलं. ड्रायव्हरने आरशाला कसल्याशा गोड वासाची बाटली टांगली होती. डोकं टेकायच्या जागी आधीच्या कुणाच्या तरी केसांचं तेल लागलेलं होतं. आणि शेजारी आमचे जावईबापू वेफर्स खात मला विमानतळ समजावून सांगत होते. प्रत्येक वाक्यानंतर बोटं चाटायची आणि त्याच बोटाने फोनवरचा नकाशा सरकवायचा. विमानतळ किती मोठा, गर्दी किती, आत भलभलते लोक कसे हरवतात! पुलाखाली गाड्या अडकल्या तशी मी काच खाली केली. बाहेर नुसता धूर. पुन्हा वर केली.

जावई वाईट नाहीत. उंटावरचे शहाणे आहेत, एवढंच. पण आमच्या घरची रीत अशी की जावयाला चारचौघांत खोटं पाडायचं नाही. माझ्या आईने पाळली, मीही पाळत आले. त्या रीतीपायीच पुढचं सगळं घडलं.

मला जायचं होतं धाकटीकडे. धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. दुसऱ्या शहरात एकटी राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पोटातली गाठ काढणार होते. लहानपणी अंधाऱ्या जिन्यावरून माझा हात धरल्याशिवाय खाली न उतरणारी पोरगी ती. फोनवर म्हणाली, "ताई, मला आत नेताना तू समोर दिसायला हवीस. नाहीतर मी टेबलावरून उठून पळून येईन बघ." हसत म्हणाली, पण मी तिला ओळखते. हे विमान चुकलं असतं तर सकाळच्या आत पोचायला दुसरं काहीच नव्हतं. तिच्यासाठी घेतलेला पुढून उघडणारा मऊ सुती गाऊन माझ्या हातातल्या पिशवीत सगळ्यात वर होता.

विमानतळाच्या दारात जावईबापूंनी बाँब टाकला.

"आई, तुमच्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवलीय."

"मला? मला काय धाड भरलीय?"

"तसं नाही हो. आत हरवायला नको. ते लोक इथून उचलतात ते थेट विमानात नेऊन बसवतात. रांग नाही, काही नाही. सगळे असंच करतात."

सगळे असंच करतात! हे वाक्य मी नोकरीभर मजल्यामजल्यावर ऐकलंय. मी वीज कंपनीत मीटर वाचायचे. लिफ्ट बंद पडलेल्या इमारतींचे जिने, कोपऱ्यांतल्या पिचकाऱ्या, मांजरांची घाण, आणि वर दार उघडणारी गोड बोलणारी माणसं. कुणी तारेवर आकडा टाकलेला, कुणी मीटरला चुंबक चिकटवलेलं. पकडलं की म्हणायचे, बसा ना बाई, पाणी घ्या, अहो सगळे असंच करतात. त्या घरचं पाणी माझ्या घशाखाली उतरलं नाही कधी.

दाराबाहेरच्या मदतीच्या काउंटरवरच्या मुलीला जावई म्हणाले, "आईंचे गुडघे पार गेलेत. चार पावलं टाकवत नाहीत हो."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. "आजी, पायऱ्या चढता येतात का?"

अंगाचा तिळपापड झाला. पण शेजारी जावई उभे, मागे रांग उभी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

"नाही," मी म्हणाले.

खुर्चीचं रेक्झिन कोमट होतं. कुणीतरी नुकतंच उठून गेलं होतं त्यावरून. हातावर काहीतरी चिकट, बहुतेक ज्यूस. जावईबापूंनी फोटो काढला, वाकून नमस्कार केला आणि टॅक्सीचं वेटिंग वाढतंय म्हणत निघून गेले.

खुर्चीवाला घामाघूम झालेला, गरीब माणूस. सकाळपासून खुर्च्या ढकलून त्याच्या तळहातांना फोड आले होते. तपासणीच्या रांगेत त्याने एका बाईला बाजूला करून मला पुढे काढलं. तिच्या खांद्यावर तापाने मलूल झालेलं मूल होतं. ती म्हणाली, "जाऊ दे आजींना आधी." शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पट्ट्यावरून लोकांचे बूट भरलेले ट्रे येत होते, आंबलेल्या मोज्यांच्या वासाने नाक फाटत होतं, पण त्या क्षणी तिथे सगळ्यात जास्त घाण मीच करत होते.

मग त्याने मला एका खांबाजवळ नेऊन उभं केलं, म्हणजे बसलेलीच उभी केली. तिथे खुर्च्यांची रांगच होती. "गेट लागलं की एकेकाला नेतो. आज मी एकटाच आहे," म्हणाला आणि ब्रेक लावून पुढच्या माणसाला आणायला पळाला.

मी रांगेवरून नजर फिरवली. मीटर वाचणाऱ्याची नजर निवृत्त होत नाही. पहिल्या खुर्चीत नवेकोरे पळायचे बूट घातलेले एक गृहस्थ. हे मध्येच टुणकन उठले, लांबच्या दुकानातून कॉफी घेऊन आले आणि परत बसून कण्हले. त्यांच्या पलीकडे नवराबायको, दोघंही खुर्चीत, दोघंही पाय हलवत गाणी ऐकतायत. सगळ्यांनी आकडे टाकलेले. किळस आली मला. आणि माझा आकडा त्याच तारेवर होता.

माझ्या शेजारच्या खुर्चीत एक म्हाताऱ्या बाई होत्या. पाय सुजून भोपळ्यासारखे, चपलांतसुद्धा शिरत नव्हते, म्हणून चपला मांडीवर. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, मघाचा तो माणूस कधी येईल? मला जरा बाथरूमला जायचं होतं."

बाथरूम समोरच होतं. मला नेता आलं असतं. पण काउंटरवाली ती मुलगी आता इथल्याच टेबलाशी येऊन बसली होती.

"येईल हं एवढ्यात," मी म्हणाले.

"तुमचेही गुडघे का?"

"हो ना."

"फार वाईट हो," त्या म्हणाल्या, आणि माझ्या गुडघ्यावर मायेने हात ठेवला.

माणूस काही आला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. ओठ मिटून, चपला घट्ट धरून बसून राहिल्या. मी दुसरीकडे पाहत राहिले.

तेवढ्यात वर घोषणा झाली. आमच्या विमानाचं गेट बदललं होतं. नवं गेट अगदी त्या टोकाला, आणि प्रवासी आत घ्यायला सुरुवातही झाली होती. रांगेतल्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. खुर्चीवाल्याचा पत्ता नाही. कॉफीवाले आधी उठले. मग नवराबायको. मग सगळीच रांग उठली आणि बॅगा खेचत सुटली. एखाद्या बाबाने हात फिरवल्यासारखे सगळे एकदम बरे! टेबलाशी बसलेल्या मुलीने मानसुद्धा वर केली नाही. तिला रोजचंच होतं ते. तिच्या भीतीने मी उगाच चिकटून बसले होते.

मीही उठले. धाकटी डोळ्यांसमोर आली, आणि पळालेसुद्धा चार पावलं.

"अहो ताई," मागून आवाज आला. "माझा मुलगा तिकडे उतरायच्या जागी वाट बघत असेल. गेटवरच्यांना सांगाल का, मी इथेच आहे म्हणून?"

मी वळले. त्या माझ्या पायांकडे पाहत होत्या. रागाने नाही. नुसत्या पाहत होत्या. त्यांच्या खुर्चीखालून एक ओला ओघळ फरशीवरून माझ्याकडे येत होता.

बॅग घेऊन जाणाऱ्या एका तरुणीने नाकाला रुमाल लावला. "ईऽऽ, अशांना एकटं पाठवतात तरी कसे!"

"तू तुझ्या वाटेने जा," मी ओरडले. माझी मलाच इतकी घाण वाटत होती की कुणावर तरी ओरडायलाच हवं होतं.

ब्रेक काढला आणि खुर्ची बाथरूममध्ये घेतली. त्या हुंदके देत "राहू द्या, तुमचं विमान जाईल" म्हणत होत्या. मी त्यांना पुसलं, धुतलं. धाकटीचा गाऊन काढून त्यांना घातला. वास होता, पण मला त्या वासाची किळस आली नाही. मग खुर्ची पुसली आणि निघाले. शेवटची हाक सुरू झाली होती. चालत्या पट्ट्यांना वळसा घालत, अत्तराच्या दुकानांतून, सांडलेल्या शीतपेयावर घसरत, "सरका, सरका" करत मी पळाले. नोकरीभर जिन्यांनी घडवलेले पाय होते. चार पावलं न टाकवणारे.

गेटवरची पोरगी दाराला हात लावूनच उभी होती. "दोन खुर्च्यांचे प्रवासी बाकी आहेत. दुसरी खुर्ची कुठेय?"

"नाहीये. मला लागत नाही. खोटं सांगितलं होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि दार उघडं धरलं.

उतरल्यावर विमानाच्या दाराशी खुर्च्या होत्या, पण मोजक्याच. चालणारे पटापट उतरून बसले. आम्ही शेवटून आलो, माझ्या खांद्यावर बाईंचं सगळं वजन, तेव्हा एकच खुर्ची उरली होती आणि तिच्यात कॉफीवाले बसत होते.

"उठा," मी म्हणाले.

"माझं बुकिंग आहे. माझे गुडघे..."

"मी तुम्हाला पळताना पाहिलंय. माझ्या पुढे होतात तुम्ही. उठा!"

सगळे थांबून बघायला लागले. ते उठले, पुटपुटत, लालबुंद होऊन. मी खुर्चीवर हात ठेवला. कोमट होती. रुमालाने पुसली आणि मगच बाईंना बसवलं. बाहेर त्यांचा मुलगा दिसेपर्यंत खुर्ची कुणाच्या हातात दिली नाही.

बाहेर पडतेय तोच धाकटीचा फोन आला.

"ताई, पोचलीस? जावईबापूंचा फोन आला होता. तुझे गुडघे गेले म्हणे, खुर्चीतून आलीस म्हणे. आणि मला बोलली नाहीस! अगं, सकाळी हॉस्पिटलपर्यंत येणार कशी तू?"

घरची रीत आठवली. जन्मात पहिल्यांदा मोडली.

"जावईबापू खोटं बोलले," मी म्हणाले. "मीपण बोलले. पाय धड आहेत माझे. चालत येतेय."