पाठमोरं भूत

मामाच्या सिनेमातलं भूत मी आहे, हे वर्गात सांगून बसले आणि तिथेच फसले.

कारण भूत अख्ख्या सिनेमात भिंतीकडे तोंड करून उभं आहे. केस कमरेपर्यंत, तेही खोटे. शेवटच्या पाट्यांमध्ये तरी नाव घाल म्हटलं, तर मामा म्हणाला, "भुताला नाव दिलं की भीती गेली, बाळा. वातावरण महत्त्वाचं." वातावरण म्हणजे धुराचं मशीन. सगळा खर्च त्याच्यावर झाला, मला एक आइस्क्रीम.

"पाठमोरं काय, कुणीही असेल," आमची मॉनिटर म्हणाली. "उद्या मी म्हणेन, त्यातलं दार मीच."

वर्ग असा खिदळला की पहिल्या खेळाला मी सगळ्यांना ओढूनच नेलं.

सिनेमा सुरू झाला. एक बोळ. बोळाच्या टोकाला दार. दार बंद. धूर आला. दार अजून बंदच. हे मी थोडक्यात सांगतेय, मामाने थोडक्यात दाखवलेलं नाही. पुढच्या रांगेतले एक आजोबा घोरायला लागले, आणि ते घोरणं त्या वातावरणात इतकं छान मिसळलं की कुणी वळूनही पाहिलं नाही.

मग भूत आलं. मी मॉनिटरला कोपराने ढोसलं. "बघ, मी!"

ती डोळे चोळत म्हणाली, "कुठे? ती पाठ?"

इतक्यात पडद्यावरचा धूर दाटला आणि भुताच्या नाकात गेला.

माझी शिंक शाळेत प्रसिद्ध आहे. आधी दोन बारीक, उंदराच्या. मग एक अशी, की परीक्षेत बाईंच्या हातून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पडला होता. तीच, जशीच्या तशी, सगळ्या स्पीकरांतून दणाणली. आजोबा किंचाळत उभे राहिले. कुणाचे तरी पॉपकॉर्न आमच्या डोक्यांवर पडले. आणि आमच्या रांगेतून एकच आरोळी, "अगं, ही तर हीच!"

पण ही शिंक सिनेमात राहिली कशी? मी मामाकडे पाहिलं. आताच कुणीतरी झोपेतून उठवल्यासारखा तो पडद्याकडे बघत होता. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एडिटिंगच्या खोलीत मामा आणि एडिटरकाका आवाज बारीक करून दर वेळी नेमके इथेच झोपत असणार.

खेळानंतर चर्चा होती. मफलरवाले एक समीक्षक उठले. "ती शिंक म्हणजे मृत देहाला आठवलेला शेवटचा श्वास! मी हादरलो." हादरले होतेच, खुर्चीखाली चष्मा चाचपताना मी पाहिलं त्यांना.

मामाने माइक जवळ ओढला. "त्या एका शिंकेसाठी मी कित्येक महिने थांबलो होतो."

मी हात वर केला. माइक आला.

"मामा, एवढी महत्त्वाची शिंक आहे कुणाची?"

"बस खाली," मागच्या रांगेतून आई दातांतल्या दातांत म्हणाली. मी बसले नाही. मामाच्या ओठांवर हसू होतं आणि डोळ्यांत 'घरी चल, मग बघतो'. टाळावं, तर चूक उघडी पडणार. सांगावं, तर भुताला नाव मिळणार.

"माझ्या भाचीची," तो म्हणाला, आणि माझं नाव घेतलं. आडनावासकट.

टाळ्या पडल्या. मॉनिटरनेही वाजवल्या, दोन बोटांनी.

आता पाट्यांमध्ये मी आहे. लोक सिनेमाची वाहवा करतात आणि निवांत झोपतात, शिंक उठवतेच म्हणून. परवा मामाने विचारलं, पुढच्या सिनेमातही भूत होशील का?

म्हटलं, होईन की. पण तोंड कॅमेऱ्याकडे.