बूट वाळवायला

चर्चमध्ये कबुलीची प्रार्थना घ्यावी तर दोघा भावांतल्या मोठ्यानेच. तो एक ओळ म्हणायचा, मंडळी तीच मागून म्हणायची, आणि तेही इतक्या झपाट्यात की नेमकं कुठलं पाप हे विचारायला देवालाही उसंत मिळू नये. लोक त्याला 'मेलगाडी' म्हणायचे. त्याला त्याचा अभिमानच होता.

आज मात्र शेवटच्या बाकावर धाकटा भाऊ बसला होता, पायाशी बॅग घेऊन. उपासना संपली की तो गाव सोडणार होता. बापाने उभी केलेली बेकरी गेल्या महिन्यात जळाली. भट्टी बंद करायचं काम धाकट्याचं. आईने सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, "आजपासून तू मला मेलास."

धाकट्याने भट्टी बंद केलीच होती. त्याच्यामागून मोठा बेकरीत परत गेला होता. रविवारचे बूट भिजलेले, आणि ओल्या बुटांनी वेदीपुढे उभं कसं राहायचं? भट्टी पेटवली, बूट वाळवले, बूट घेऊन घरी आला. भट्टी विसरला.

आज सकाळी दारात धाकट्याने विचारलं होतं, "दादा, तुला तरी पटतं ना, मी बंद केली होती?"

"तुझ्यासाठी प्रार्थना करतो," हा म्हणाला होता. जीभ झडली नाही हेच नवल.

"हे दयाळू पित्या, आम्ही पाप केले आहे," त्याने सुरुवात केली. मंडळीने मागून म्हटलं. पहिल्या बाकावरून आईचा आवाज सगळ्यांच्या वर.

पुढची ओळ तोंडपाठ होती. पण नजर खाली बुटांवर गेली आणि ओळ काही बाहेर पडेना. कुणीतरी खोकलं. पाळकांनी डोळे उघडून पाहिलं.

"मी बूट वाळवायला भट्टी पेटवली," तो म्हणाला.

"मी बूट वाळवायला भट्टी पेटवली," अख्खी मंडळी म्हणाली. सवयच ती, दुसरं काय.

"आणि तशीच ठेवून घरी आलो."

"आणि तशीच ठेवून..." एकेक आवाज गळत गेला. आई तेवढी म्हणत राहिली होती, तीही मध्येच थांबली.

"आळ धाकट्यावर आला आणि मी गप्प बसलो. देवा, मला क्षमा कर."

हे मागून कुणीच म्हटलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो खरी प्रार्थना करत होता, आणि त्याला रडू आवरत नव्हतं.

आई उठली. त्याच्याकडे तिने पाहिलंही नाही. काठी टेकत शेवटच्या बाकापाशी गेली, धाकट्याच्या पायाशी असलेली बॅग उचलून पोटाशी धरली.

"सरक तिकडे," ती म्हणाली, "मला बसू दे."