टाक्यातलं पाणी

कोप्रेसने घर ओळखलं ते अंजिराच्या झाडावरून. फांदी आता भिंत ओलांडून गल्लीत आली होती. आलेक्सांद्रियात एवढ्या इमारती उठल्या, पण या अंगणात अजून जिऱ्याचा तोच वास होता. इथल्याच पायरीवर बसून, पाव जिऱ्यामिठाला लावून खात तो ख्रिस्ती शास्त्र शिकला होता. प्रत्येक वचनावर पोतामोन गुरुजी तीन प्रश्न विचारायचे. काय घडलं? काय करावं? आत काय दडलंय? कोप्रेस नेहमी तिसऱ्यावर अडायचा.

एके दिवशी, शास्त्रातल्या इसहाकाने बापाच्या बुजलेल्या विहिरी पुन्हा उकरल्या, तो धडा चालू होता.

"विहिरी म्हणजे शास्त्र," गुरुजी म्हणाले होते, "आणि माती म्हणजे नुसता शब्दार्थ."

"विहीर म्हणजे विहीर, गुरुजी."

"मग जा अंत्युखियाला! तिथले सगळे गुरू तुझ्यासारखेच, शब्दार्थाला चिकटलेले."

तो खरंच गेला. आणि आता, गुरुजी अंथरुणाला खिळल्याचं ऐकून, पांढरी दाढी घेऊन परतला होता. ते आपल्याला पुन्हा जवळ करतील का, एवढाच घोर त्याला होता.

गुरुजींची मुलगी थियोनिल्ला दारात आली. "आलास? चेहरा अजून तसाच रुसलेला."

"ओळखतील मला?"

"सकाळपासून डोळेच उघडले नाहीत. बस जवळ, मी पेज बघते."

खाटेशी दोन तरुण शिष्य बसले होते. गुरुजींचे ओठ हलले. "टाक्यातलं... पाणी."

"टाकं म्हणजे अंतःकरण," एक जण कुजबुजला.

"छे! बाप्तिस्म्याचं पाणी म्हणतायत. शेवटचा उपदेश आहे, नीट ऐक."

"मग नदी म्हणाले असते की!"

कोप्रेस उठून अंगणात गेला. टाक्याच्या काठावर दोरानं पडलेली खाच होती. हात आपसूक तिथेच गेला. पाणी गार होतं. पेला भरून त्याने तो आत नेऊन गुरुजींच्या ओठांना लावला.

गुरुजी घटाघटा प्यायले. मग त्यांनी डोळे उघडले आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं.

"काय घडलं?"

"तहान लागली, गुरुजी."

"काय करावं?"

"पाणी द्यावं."

"आणि आत काय दडलंय?"

"आणखी आणतो," म्हणत कोप्रेस पेला घेऊन उठला.

मागून जुना, खवचट आवाज आला, "निल्ला, याला तिसरं अजून येत नाही गं. पायरीवरची त्याची जागा झाडून ठेव."