बिट्टूजवळ कोण बसणार?

लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्याने मला कुत्र्याचं पिल्लू दिलं. त्याच आठवड्यात मी विचारलं होतं, "अहो, मी नोकरी करू काय? रक्त तपासायचा डीएमएलटी कोर्स करून किती दिवस घरात बसू?" धीरज तेव्हा डबा उचलून दुकानात निघून गेले. मग एका संध्याकाळी दुकानातून येताना खोक्यात हा चपट्या नाकाचा, सुरकुतल्या तोंडाचा पग घेऊन आले. "घे. आता करमीन तुले." माझ्या बोलण्याचा त्यांना लागलेला अर्थ एवढाच.

नाव ठेवलं बिट्टू. या जातीला माणूस लागतो, तोही चोवीस तास. मी न्हाणीत गेले तरी हा दाराशी बसून कण्हायचा. भाजी आणायला गेले की गळा काढायचा, दार खरवडायचा, माझी चप्पल कुरतडून ठेवायचा. त्याच्या तोंडावरच्या वळ्या रोज ओल्या फडक्याने पुसून कोरड्या कराव्या लागतात, नाहीतर पिकतात. नाक आखूड, म्हणून जरा ऊन झालं की धाप. आणि वर्ध्याजवळच्या आमच्या बोरगाव मेघ्यात उन्हाला काय तोटा! मे महिन्यात उजाडायच्या आत त्याला फिरवून आणायचं, की मग दिवसभर कूलरसमोर तो आणि मी.

नाचणगावला मावसबहिणीचं लग्न निघालं, तर धीरज म्हणाले, "बिट्टूजवळ कोण बसणार?" माहेरी चार दिवस जायचं म्हटलं, तरी तेच. सासूबाई घरात होत्या, पण तो त्यांच्याजवळ शांत राहायचा नाही. मला त्या कुत्र्याचा भयंकर राग यायचा. मग तो मांडीवर डोकं टाकून म्हाताऱ्यासारखा घोरायला लागायचा आणि मला माझ्याच रागाची लाज वाटायची. जीव लावला होता ना! तिथेच तर मी अडकले होते.

अशात माझी मैत्रीण छाया हिने फोन केला. तिच्या वर्ध्याच्या लॅबमध्ये जागा रिकामी झाली होती, दोन आठवड्यांनी, सोमवारपासून ये म्हणाली. मी धीरजना सांगितलं. ते हसले. "तो रडल्याबिना राह्यला तं जाय ना. मी कुठी अडवून राह्यलो तुले?"

मी ते मनावर घेतलं. किल्ली उचलायची आणि परत ठेवायची. फाटकापर्यंत जायचं, तो रडायच्या आत परत यायचं, आल्यावर लाड करायचे नाहीत. मग कोपऱ्यापर्यंत, मग दुकानापर्यंत. हळूहळू त्याचं रडणं कमी झालं. पण मी दिसेनाशी झाले की जीभ काढून धापा टाकणं सुरूच होतं. ती धाप घाबरल्याची होती, हे मला कळत होतं. सासूबाईंना वाटलं, लेकराला ऊन लागलं.

आणि ऊन लागलं की आमच्याकडे काय करतात? कांदा! तळपायाला चोळतात, खिशात ठेवतात, जेवणात कच्चा खातात. सासूबाईंनी प्रेमाने कांदा ठेचून, दह्यात कालवून, पोळी कुस्करून बिट्टूला भरवला. मी बाहेर पडले की रोज. मला काही बोलल्या नाहीत, कारण सांगण्यासारखं काही आहे असंच त्यांना वाटलं नाही.

शनिवारी बिट्टू उठला नाही. त्याची लघवी पाहिली, तर बिनदुधाच्या चहासारखी. ओठ वर करून पाहिला, हिरड्या पांढऱ्याफटक. धीरजनी गाडी काढली, सासूबाईही बसल्या, आणि आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि विचारलं, "कांदा खाल्ला काय यानं? कुत्र्याले कांदा म्हणजे विष. रक्तच फुटते."

सलाईन लावलं. वेळेवर आणलं म्हणून वाचेल, पण बरेच दिवस जपावं लागेल, असं ते म्हणाले. धीरज लालबुंद होऊन आमच्याकडे वळले.

"कोणं चारला याले कांदा?"

सासूबाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट आवळून धरलं होतं. या बाईला मी आजवर मुलासमोर एकदाही मोठ्याने बोलताना ऐकलेलं नाही.

"मीनं चारला," मी म्हटलं.

"वा रे वा! रक्त तपासाले चालली, अन् घरच्या मुक्या जीवाले जहर चारते? आई, आजपासून बिट्टू तुह्यापाशी. हिच्या भरोशावर नाई ठेवाचा." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "अन् तू जाय आपल्या लॅबमधी. घरी राहून काय उजेड पाडला तुनं?"

मी खाली मान घातली. राग आला, अपमान वाटला, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की तो तोंडावर दिसेल अशी भीती वाटली. ज्या दारावर मी वर्षभर धडका दिल्या, ते नवऱ्याने शिव्या घालत स्वतःच उघडून दिलं होतं.

घरी आल्यावर सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "तू काऊन सोताचं नाव घेतलं?"

"तुमची मूठ पाहून," मी म्हटलं.

सोमवारी मी निघाले. बिट्टू सासूबाईंच्या कडेवर होता, अशक्त, तरी माझ्याकडे झेपावत होता. त्यांनी त्याला घट्ट धरलं आणि जाळीचं दार आतून लावून घेतलं. दर सोमवारी त्या शेजारच्या भैय्याजींच्या घरी भजनाला जायच्या. घराबाहेरची त्यांची ती एकच जागा. हे मला स्कूटीला किल्ली लावताना आठवलं.

"आई, आज भजन आहे ना तुमचं?"

"आता कायचं भजन! याले सोडून कशी जाऊ?" जाळीआडून त्या म्हणाल्या. "तू जाय, उशीर होईन. मले घरात राह्याची सवय आहे."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. थांबायलाही हवं होतं. मी गाडी सुरू केली आणि गेले.