मधल्या रकान्यातली चिठ्ठी

मी एक जुना पांढरा फळा आहे, मित्रांनो. इर्बिद शहरातल्या एका सॉफ्टवेअर कार्यालयाच्या अडगळीच्या खोलीत पाण्याच्या कॅनमागे उभा असतो. पण माझेही दिवस होते!

मी नवा आलो तेव्हा रावयाने निळ्या पट्ट्या चिकटवून माझे तीन रकाने पाडले: 'करायचं', 'चाललंय', 'झालं'. प्रत्येक काम एका चिठ्ठीवर लिहायचे आणि काम पुढे गेले की चिठ्ठी पुढच्या रकान्यात सरकवायची. रावया तिथे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या सहा जणांची स्क्रममास्टर. ती हुकूम सोडत नसे, कामातले खडे तेवढे वेचून काढी. दोन आठवड्यांचा एक स्प्रिंट. त्यात झेपेल तेवढेच काम घ्यायचे आणि शेवटी ते करून दाखवायचे. रोज सकाळी नऊला सगळे माझ्यासमोर पंधरा मिनिटे उभे राहत. बसले की गप्पा लांबतात ना! प्रत्येकाने सांगायचे, काल काय केले, आज काय करणार आणि कुठे अडले.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठरलेले. "अल्हम्दुलिल्लाह, सगळं छान!" सकाळी सकाळी रडगाणे कोण गाणार?

एकदा डायलिसिसच्या रुग्णांना त्यांची वेळ कळवणारे ॲप बनवण्याचे काम होते. मुहन्नदची चिठ्ठी नऊ दिवस मधल्या रकान्यातून हलेना. दुसऱ्या दिवशी दवाखान्याची माणसे काम बघायला येणार होती.

"मुहन्नद, ही चिठ्ठी इथंच म्हातारी होणार का रे?" रावयाने विचारले.

"अल्हम्दुलिल्लाह, चाललंय..."

"देवाची कृपा आहेच. मी तुझं विचारतेय."

त्याने मान खाली घातली. "अडलोय. आठ दिवस झाले. सांगायची लाज वाटत होती."

"गाढवा, आधी बोलायचंस ना!" शेजारचा निदाल म्हणाला. "मागच्या महिन्यात माझंही घोडं तिथंच पेंड खात होतं. चल, दाखव मला."

संध्याकाळी मुहन्नदने ती चिठ्ठी 'झालं'मध्ये लावली आणि तळहाताने घट्ट दाबली. तो हात मला अजून आठवतो.

पुढे सगळे घरून काम करू लागले. चिठ्ठ्या संगणकाच्या पडद्यावर गेल्या, कार्यालयात दोघेतिघेच उरले. मला त्या सकाळींची फार आठवण येते.

मागच्या आठवड्यात मुहन्नद पाणी न्यायला आला. त्याने बाहीने माझी धूळ पुसली. एका पिवळ्या चिठ्ठीवर 'अडलोय' एवढेच लिहिले, ती मधल्या रकान्यात लावली आणि थोडा वेळ समोर उभा राहिला. मग दिवा मालवून गेला.

मित्रांनो, मला विचारता येत नाही. तुम्हाला येते. सकाळी कुणीतरी त्याच्यासमोर उभे राहा आणि तो तिसरा प्रश्न विचारा. 'सगळं छान' म्हणाला, तर पुन्हा विचारा.